नदीकडची भिंत

“तीन भिंती धू, छप्पर धू, वाटलं तर रस्तापण धू! पण नदीकडच्या भिंतीला ब्रश लावलास ना, तर शिडीसकट खाली ओढीन तुला!” पॉप ओरडला.

“आणि तीनच भिंती धुतल्या तर ट्रेव मला कामावर घेणार नाही, त्याचं काय?” मी पण ओरडलो. आमच्या घरात ओरडण्यात कोणी कोणाच्या मागे नाही.

“मग जा परत शाळेत.”

“तू आजोबा आहेस का हेडमास्तर?”

“ए! गप्प बसा दोघं!” आई स्वयंपाकघरातून आली. हातात टोस्ट होता आणि तो पिस्तुलासारखा आधी माझ्यावर रोखला, मग पॉपवर. “डॅड, तूसुद्धा! भिंत ती भिंत. एक जास्त धुतली तर बिघडलं काय?”

“बिघडतं,” पॉप म्हणाला. खोलीत गेला आणि दार आपटलं.

हा सोमवार सकाळचा प्रकार. आज शनिवार. मी पुढच्या पायऱ्यांवर बसलोय, आणि ट्रेव रस्त्याच्या पलीकडे ट्रकमध्ये बसून सॉसेज रोल खातोय. घराजवळ यायला तयार नाही तो. का ते कळेलच. त्याच्याकडे दोन रोल आहेत आणि तो हळू खातो, तेवढ्यात सांगून टाकतो.

ट्रेव घरं बाहेरून धुतो. तोच त्याचा धंदा. तीन महिने किनाऱ्याने वर वर जायचं, वाटेतली घरं धुवायची, मोटेलात झोपायचं. त्याचा हाताखालचा माणूस लग्न करून बसला, म्हणून जागा रिकामी झाली. मी विचारलं तर म्हणाला, “आधी तुझं स्वतःचं घर धुऊन दाखव. चारी भिंती. शनिवारी बारा वाजता येऊन बघतो. पटलं तर तसाच ट्रकमध्ये बसायचं.” आणि नाही पटलं तर? नाही पटलं तर फ्रिजवर अननसाच्या चुंबकाखाली शाळेचा फॉर्म लावलेला होता, आईने भरलेला, फक्त माझी सही बाकी. सोमवारपासून पुन्हा तोच वर्ग, आणि तोच मास्तर, ज्याच्या बोलण्यावरून मी खुर्ची फेकली होती. (खिडकीबाहेर फेकली होती. त्याच्यावर नाही. हा फरक कोणी लक्षात घेत नाही.)

ट्रेवने तीन नियम सांगितले होते. पाणी जोरात मारायचं नाही. साबण खालून वर लावत जायचा आणि धुताना वरून खाली यायचं, नाहीतर ओघळ राहतात. आणि शिडी धरायला माणूस असल्याशिवाय पहिल्या पायरीवरसुद्धा पाय ठेवायचा नाही. मी यातले दीड ऐकले.

आमचं घर खांबांवर उभं आहे. वर लाकडी फळ्या, खाली कोणीतरी कधीतरी पत्रे ठोकून बंद केलेली जागा. वरच्या खिडकीची चौकट जमिनीपासून चौदा फुटांवर. घराच्या पाठीमागे उतार, उताराखाली नदी. पॉपची खोली मागच्या कोपऱ्यात, आणि त्या खोलीची नदीकडची खिडकी तो कधी म्हणजे कधीच लावत नाही. थंडीत दात वाजतात, उन्हाळ्यात डास आत विमानतळ उघडतात, जाळीपण लावू देत नाही. आईने एकदा लावली होती. पॉप दोन दिवस जेवला नव्हता.

तर सोमवारी भांडण झालं आणि मी अंगणात येऊन उभा राहिलो. आमच्या गल्लीत कोणी बादली घेऊन उभं राहिलं की पाच मिनिटांत सल्ला येतो. पहिली आली नोलीन, कुंपणापलीकडची. तिचं वय कोणालाच माहीत नाही.

“लवंगेचं तेल,” ती म्हणाली. हॅलो नाही, काही नाही. “लिटरभर पाण्यात पाव चमचा, आणि थोडा साबण. बुरशी मुळासकट मरते.”

“दात दुखल्यावर लावतात ते?”

“बुरशीला दात नसतात, तरी मरते. आणि छपराची पन्हळ पुसायच्या आधी टाकीचा पाइप काढ, नाहीतर—”

पुढचं मी ऐकलं नाही, कारण तेवढ्यात समोरच्या घरातला अ‍ॅथल रस्ता ओलांडून आला. दोन चाकांवर पाण्याची प्रेशर मशीन ओढत, जशी काही तोफ.

“ब्रशने घर धुतोयस? हत्ती धुतोयस का घर? घे ही. एका दुपारचं काम.”

आता मला सांगा, समोर तोफ असताना ब्रश कोण उचलेल?

रस्त्याकडच्या भिंतीवर मी पहिला झोत सोडला. बंदुकीने मलाच दोन पावलं मागे ढकललं. रंग कॉर्नफ्लेक्ससारखा उडाला. कोपऱ्यातलं गांधीलमाश्यांचं पोळं खाली आलं आणि माश्या मालक शोधत निघाल्या. फळ्यांच्या फटीतून पाणी थेट दिवाणखान्यात गेलं. आई आत मालिका बघत होती. मालिकेत पाऊस नव्हता, पण पडला.

“ब्रोडी!” आतून आवाज आला.

आणि वीस मिनिटांत काउन्सिलची गाडी दारात. रस्त्यावरच्या बंद पडलेल्या दिव्यासाठी हे लोक चार महिने येत नाहीत. गाडीतून एक बाई उतरली, तोंडाला मास्क, बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या, छातीवर नाव डेस्पिना.

“खालचे हे पत्रे कधीचे?”

“माझ्या आधीचे.”

“मग अ‍ॅस्बेस्टॉस असणार. यावर जोराचं पाणी मारणं गुन्हा आहे. धागे उडतात, फुप्फुसात बसतात, तीस वर्षांनी माणूस मरतो.”

“तीस वर्षांनी ना? मला शनिवारपर्यंतच—”

तिने माझ्याकडे असं बघितलं की माझं वाक्य तिथेच मेलं. अ‍ॅथल मशीन घेऊन उलट्या पावलांनी घरी चालला होता. “माझी नाही ही,” तो जाता जाता म्हणाला. कोणी विचारलं नव्हतं.

खालच्या पत्र्यांना पिवळी पट्टी लागली. तपासणीचा फॉर्म मिळाला, उत्तर दहा कामकाजाच्या दिवसांनी. वरच्या फळ्या चालतील, पण मऊ ब्रश, साधा साबण, हलकं पाणी. उडालेला रंग जुना, त्यात शिसं असणार, म्हणून मास्क लावून एकेक कपटा वेचायचा. मग ती म्हणाली, “आणि नळी वापरणार असाल तर विषम नंबरच्या घरांनी मंगळ-गुरु-शनि, सम नंबरच्यांनी बुध-शुक्र-रवि. तुमचा नंबर?”

“चौदा अ.”

ती थांबली. तिच्या यंत्रात ‘अ’ बसेना. तिने ऑफिसला फोन लावला. ऑफिसने गाणं लावलं. अकरा मिनिटं आम्ही दोघं अंगणात उभं राहून गाणं ऐकलं आणि शेवटी उत्तर आलं, की चौदा सम आहे पण ‘अ’ बद्दल बैठक घ्यावी लागेल.

“बादली वापर,” ती हळूच म्हणाली. “बादलीला सम-विषम नाही.”

जाण्याआधी ती घराला एक फेरी मारून आली. परत आली तेव्हा चालण्याचा वेग जरा वाढला होता.

“मागच्या भिंतीवर लहान मुलाला चढू देऊ नका. पडेल.”

“आमच्याकडे लहान मूल नाही.”

तिने कागदावर काहीतरी लिहिलं. मग ते खोडलं. मग गाडीत बसून गेली.

मी मागे गेलो. त्या भिंतीकडे मी दहा वर्षांत मान वर करून बघितलं नसेल, कोण बघतं आपल्या घराची मागची भिंत? स्वयंपाकघराच्या टोकाला, चौदा फुटांवर, खिडकीच्या चौकटीच्या उंचीला, हातांचे पंजे. चिखलाच्या रंगाचे. सात. डावा, उजवा, डावा, उजवा, एका ओळीत. माझ्या तळव्याच्या निम्म्या आकाराचे. खाली शिडी ठेवायला धड जागा नाही आणि वर कोणी लहान पोर भिंत धरत धरत चाललंय, असं दिसत होतं. हवेत.

बुरशी असेल, मी स्वतःला म्हटलं. मग मी पुढे जाऊन कपटे वेचायला बसलो, कारण कपट्यांना बोटं नव्हती.

मंगळवारी मी रस्त्याकडची आणि नोलीनकडची अशा दोन भिंती धुतल्या. बादलीने. शिडी धरायला नोलीन आली. तिला शिडी धरायला हरकत नव्हती, पण तिला बोलताना हात लागतात. “माझ्या पहिल्या नवऱ्याचं काय झालं माहितीय?” म्हणायची आणि दोन्ही हात पसरायची आणि मी वर पन्हळीला लटकलेला. तिन्ही नवऱ्यांचं काय झालं ते मला आता तपशीलवार माहीत आहे. तिसरा बिचारा चांगला होता.

लटकलोच आहे तर पन्हळपण पुसून घेऊ, म्हणून मी लवंगेचा साबण ओतून पन्हळ चकचकीत केली. टाकीचा पाइप न काढता. छपरावरचं पावसाचं पाणी त्याच पाइपने आमच्या पिण्याच्या टाकीत जातं.

बुधवारी सकाळी आईने केटल लावली. पहिला घोट तिने घेतला, दुसरा मी, तिसरा पॉपने. चहाला लवंगेची अशी चव की दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटावं, आणि वर पांढरा फेस. पॉपच्या ग्लासात त्याची कवळी होती, तिथूनही बुडबुडे येत होते.

“हे काय?” आई म्हणाली.

“पन्हळीचं पाणी टाकीत गेलं वाटतं,” मी म्हटलं. “थोडंसं.”

“पाच हजार लिटरची टाकी आहे, ब्रोडी!”

मी पॉपच्या ओरडण्याची वाट बघत होतो. खरं सांगतो, तयारीत होतो, मनात दोन उत्तरं जुळवून ठेवली होती. पण तो ओरडलाच नाही. त्याने कप नाकाजवळ नेला, वास घेतला आणि चेहऱ्यावरचं रक्त पाणी सांडल्यासारखं उतरलं.

“लवंग कोणी आणली घरात?”

“नोलीनने सांगितलं...”

तो उठला, त्याच्या खोलीत गेला. दार आपटलं नाही. हळू लावलं. या घरात मी सोळा वर्षं राहतोय, ते दार हळू लागतं हे मला माहीतच नव्हतं.

टाकी रिकामी केली. टँकरवाला सांगतो, “गुरुवारी बघू.” दोन दिवस नोलीनकडून बादलीने पाणी. ती प्रत्येक बादलीबरोबर “मी सांगितलं होतं” भरून देत होती.

दुपारी पॉप बोलिंग क्लबला गेला. मी विचार केला, तिसरी भिंत उद्या करू, ही आत्ता उरकू. त्याला कळायच्या आत संपेल. तो गेला, मी शिडी मागे नेली. धरायला कोणी नाही. मागची जमीन उताराची, चिखलाची, शिडी लावली तर एक पाय रुतायचा. मी खुंटीला बांधली आणि चढलो. ट्रेवला सांगू नका.

वर जाऊन मी पंजे घासले. सातही. साबण, लवंग, मऊ ब्रश. चिखलासारखे निघाले, ओघळ बादलीत आले, तपकिरी. मला बरं वाटलं. शिट्टी वाजवत होतो. आणि मग माझ्या लक्षात आलं, की शिडी हलत नाहीये.

चिखलात उभी केलेली शिडी, अजिबात हलत नाहीये. नोलीनने धरलेली शिडीसुद्धा हलायची. ही खाली कोणीतरी दोन्ही हातांनी घट्ट धरल्यासारखी. मला वाटलं पॉप लवकर आला. मी खाली बघितलं.

कोणी नव्हतं. बादली होती, उतार होता, खाली नदी होती, आणि नदी दुपारच्या उन्हात आवाज न करता चालली होती.

मी कसा खाली उतरलो ते मला सांगता येणार नाही. बहुतेक पायऱ्या वापरल्या नाहीत.

गुरुवारी सकाळी नऊ पंजे होते. सात जुन्या जागी आणि दोन पुढे. मी अ‍ॅथलला दाखवले. तो बराच वेळ वर बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, “व्हिनेगर.”

“व्हिनेगर?”

“लवंग म्हणजे बायकांचं काम. व्हिनेगर म्हणजे शास्त्र.”

व्हिनेगरने घासले, तिसरी भिंतही त्याच दिवशी उरकली. शुक्रवारी बारा.

आता मी शाळा सोडली असली तरी मला मोजता येतं. भिंतीच्या एका टोकाला स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला पॉपची उघडी खिडकी. पंजे स्वयंपाकघराच्या टोकाकडून निघालेत. दोन पंजांमधलं अंतर हातभर. खिडकीपर्यंत अजून सहा लागतील. आणि प्रत्येक पंजाची बोटं जराशी खिडकीकडे कललेली. म्हणजे मी घासत नव्हतो, मी त्याला वाट करून देत होतो.

“ब्रोडी.”

मी दचकलो. पॉप मागे उभा. क्लबचा पांढरा शर्ट, हातात काही नाही. तो वर बघत होता.

“मी धुतले,” मी लगेच म्हटलं. मला वाटलं आधी कबूल केलं तर कमी मार. “दोनदा. परत येतात. माझी चूक नाही, काय ते व्हिनेगर...”

“कुठून कुठे चाललेत?”

“काय?”

“पंजे. कुठून कुठे?”

“स्वयंपाकघराकडून तुझ्या खिडकीकडे.”

तो मातीत खाली बसला. साठी उलटलेला माणूस, पांढऱ्या पँटमध्ये, चिखलात. मी त्याच्या बाजूला बसलो. दुसरं काय करणार?

“मी तुझ्याएवढा होतो,” तो म्हणाला. “माझा धाकटा भाऊ लेनी, नऊ वर्षांचा. नदी चढली, दोन दिवसांत तिथपर्यंत.” त्याने खिडकीच्या चौकटीकडे बोट केलं. “आईबाबा आधीच शाळेच्या टेकडीवर होते. आम्ही दोघं होडी घेऊन परत आलो. मी सगळ्यांना सांगितलं की कुत्रं राहिलंय.”

“मग मिळालं?”

“कुत्रं टेकडीवरच होतं. मला बूट हवे होते. टोकदार, नवे. शनिवारी नाच होता.”

मला ते बूट माहीत आहेत. त्याच्या कपाटावर खोका आहे. लहानपणी मी एकदा उघडला होता आणि तेव्हा मला पहिल्यांदा मार बसला होता.

“लेनीचा दात दुखत होता. गाल असा टमाट्यासारखा. आईने लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवला होता तोंडात. होडीभर तोच वास. मी म्हटलं, तू भिंत धरून ठेव, सोडू नकोस, मी आलोच. आणि खिडकीतून आत गेलो. बूट सापडेनात. पलंगाखाली होते, पाण्यात. बाहेर डोकं काढलं तर होडी नाही. लेनी नाही. भिंतीवर नुसते हात. चिखलाचे. खिडकीपासून तिकडे, स्वयंपाकघराच्या टोकापर्यंत. प्रवाहाने होडी ओढली आणि तो भिंत धरत गेला. मी सांगितलं होतं ना सोडू नकोस म्हणून. भिंत संपली तिथे संपले हात.”

“सापडला?”

“होडी सापडली.”

नोलीन कुंपणाशी उभी होती. पहिल्यांदाच तिचे दोन्ही हात खाली होते आणि तोंड मिटलेलं.

“तीनदा रंग दिला मी,” पॉप म्हणाला. “पंजे कधी दिसले नाहीत. खिडकी मात्र...” पन्नास वर्षांचे डास माझ्या डोळ्यांसमोरून गेले.

“तेव्हा खिडकीपासून तिकडे गेले होते,” मी म्हटलं. “आता उलटे येतायत.”

“हो.”

मग मी माझ्या मनातलं विचारलं, कारण मला राहवत नाही. “पण ट्रेव उद्या येतोय. चारी भिंती म्हणाला होता. तीन धुतल्या तर मी सोमवारी शाळेत.”

मला वाटलं आता मार बसणार. पण पॉप उठला, पँट झटकली, शिडीकडे गेला आणि तिचे दोन्ही खांब धरले.

“वरचं धू, खालचं धू. तो पट्टा सोड.”

“ट्रेवला चालणार नाही.”

“ट्रेवचं ट्रेव बघेल. चढ. मी धरलीये.”

त्याने धरली. दुपारभर. मी सांगतो तिकडे सरकवली आणि एकदाही कोणत्या नवऱ्याचं नाव काढलं नाही. संध्याकाळच्या आत भिंत पांढरीशुभ्र, मधून एक हातभर रुंद मळका पट्टा, त्यात बारा पंजे. लग्नाच्या शर्टावर कोणी जुना पट्टा बांधावा तसं दिसत होतं.

आज सकाळी अठरा.

अठरावा खिडकीच्या चौकटीवर होता. बाकीचे सुकलेले. हा ओला.

ट्रेव साडेअकरालाच आला. रस्त्याकडची भिंत बघितली, रंग उडालेला बघितला, “हं” म्हणाला. नोलीनकडची बघितली, बोट फिरवलं, बोट स्वच्छ. “हं.” तिसऱ्या भिंतीला तर मान डोलावली. आई पायऱ्यांवर उभी होती, हातात तो फॉर्म आणि पेन, दोन्ही घट्ट धरलेलं. मग आम्ही मागे आलो.

“हा पट्टा राहिला,” ट्रेव म्हणाला.

“राहिला नाही. ठेवलाय.”

“गिऱ्हाइकाला असंच सांगणार? ‘ठेवलाय’?”

“हे गिऱ्हाइकाचं घर नाही. माझं आहे. आणि मी सांगतो तो मळ नाही. पाहिजे तर चढून बघ, मला काय शिकवतोस!” माझा आवाज चढला. आईने डोळे मिटले. मला माहीत होतं, गेली नोकरी. पण तो पट्टा मी घासणार नव्हतो, शाळा तर शाळा.

ट्रेव तीस वर्षं भिंती बघतोय. तो चढला. पहिला पंजा बघितला, दुसरा, शिडी सरकवून घेतली, असा शेवटच्यापर्यंत गेला. शेवटच्यावर त्याने आपलं बोट टेकवलं. बोट नाकाला लावलं.

“लवंग?” तो वरून म्हणाला.

“बुधवारपासून वापरली नाही.”

तो उतरला. सगळ्या पायऱ्या वापरून, पण फार भरभर. ओठ पांढरे पडले होते.

“बॅग भर,” तो म्हणाला.

“म्हणजे पटलं?”

“बॅग भर म्हटलं ना! मी रोल खातो ट्रकमध्ये. तिकडे. पलीकडे. तू ये.” आणि तो घराला लांबून वळसा घालून थेट अ‍ॅथलच्या गेटापर्यंत चालत गेला, मागे न बघता.

आईने फॉर्म चार घड्या करून एप्रनच्या खिशात घातला. फाडला नाही. ती आशा सोडत नाही.

मी आत आलो, बॅगेत तीन शर्ट कोंबले. पॉपच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत तो कोणाला तरी रागावत होता. माझ्यावर ओरडतो तसं नाही. आपल्या आईला ऐकू जाऊ नये म्हणून मोठा भाऊ दबक्या आवाजात रागावतो तसं. “इतका वेळ? कुठे होतास इतका वेळ?” मी दारात उभा राहिलो तेव्हा तो गप्प झाला.

“ब्रोडी, चहा कर,” तो म्हणाला. दारातून बाहेर आला, दार मागे ओढून घेत. डोळे लाल. “दोन कप.”

“आई घेत नाहीये.”

“दोन कप म्हटलं. एक माझा. दुसऱ्यात तीन चमचे साखर, आणि ढवळू नकोस. त्याला तळाची चमच्याने खायची असते.”

मी केला. पाणी कालच टँकरने आलेलं, स्वच्छ. तरी कप घेऊन त्या दाराशी गेलो तर वास आला. लवंगेचा. पॉपने दोन्ही कप घेतले, म्हणाला, “जा, नीट राहा, शिडी धरल्याशिवाय चढू नकोस,” आणि कोपराने दार लावलं. दार लागता लागता फटीतून मला खिडकी दिसली.

बंद होती.

मग मी इथे पायऱ्यांवर येऊन बसलो. ट्रेवचा दुसरा रोल संपलाय, तो कागद चुरगळतोय. आतून बारीक आवाज येतोय. कोणीतरी कपाच्या तळाला चमचा घासतंय. पॉपला साखर बंद आहे, सात वर्षं झाली.

ट्रेवने हॉर्न मारला. दुसऱ्यांदा. मला आता निघायला हवं.